कोलोनं काय सांगितलं

थंडीतलं धुळीचं वारं सुटलं तेव्हा ग्रेमाच्या शेतातली अर्धीअधिक मिरची तोडायची राहिली होती. त्या वाऱ्यात आभाळ पांढरं पडतं, ओठ फुटतात, आणि सकाळी टवटवीत दिसलेली मिरची दुपारपर्यंत झाडावरच सुरकुतायला लागते. म्हणून ग्रेमा, त्याची बायको याकुरा आणि मुलगी कलतुमा उजाडतानाच वाफ्यांत वाकलेले असत. ऊन चढलं की पाठ सरळ होत नसे. हातांची आग आग व्हायची. याकुरा दुपारी आंबलेलं दूध भोपळ्याच्या भांड्यात ओतायची आणि तिघंही त्यात बोटं बुडवून बसायची. डोळ्याला हात लावायचा नाही, हे कलतुमाला चालायला लागल्यापासून ठाऊक होतं.

एका माणसाचे हात कमी पडत होते. ग्रेमाचा धाकटा भाऊ कोलो आता शेतात नव्हता.

गेल्या हंगामात तळ्यातल्या बेटांवरची माणसं मिरचीचा वाटा मागायला आली होती. त्यांना आमच्याकडे कुणी नावानं हाक मारत नाही, नुसतं 'बेटावरचे' म्हणतात. गावात येताना पहिलं शेत लागतं ते ग्रेमाचं, म्हणून ते आधी त्याच्याच खळ्यात शिरले. बंदुका खांद्यावरच होत्या, पण बोलणं गोड होतं. कोलो भरलेल्या पोत्यांपुढं आडवा उभा राहिला आणि म्हणाला, आमची मिरची, आम्ही देणार नाही. ग्रेमानं पुढं होऊन त्याच्या थोबाडीत मारली, त्या माणसांच्या देखत, आणि स्वतःच्या हातानं पोती त्यांच्या मोटारसायकलींवर चढवली. ग्रेमानं दिलं म्हटल्यावर गावानं दिलं. बुलामा कचल्ला, म्हणजे आमच्या गावाचा मुखिया, त्यानंही दिलं.

त्या थपडेनं कोलोचा जीव वाचला, असं ग्रेमा म्हणायचा. कोलो आठवडाभर भावाशी बोलला नाही, मग एका सकाळी बाजाराला म्हणून गेला तो थेट फौजेच्या ठाण्यात. कोलो शाळेत गेलेला, त्याला फ्रेंच येत होती, वाटाही माहीत होत्या. फौजेनं त्याला वाटाड्या आणि दुभाषा म्हणून ठेवून घेतलं.

मिरचीची तोडणी ऐन भरात असताना बुलामाला ठाण्यावर बोलावणं आलं. संध्याकाळी तो परतला आणि कडुलिंबाखाली माणसं जमली. त्यानं सांगितलं की फौज आता नदीकाठानं मोठी मोहीम काढणार आहे, तळ्यापर्यंत जाणार आहे. आपलीच फौज पुढं असेल, परदेशातून आलेले गोरे सैनिक नुसते मदतीला. बेटावरचे मिरचीच्या पैशावर जगतात, तेव्हा मिरची विकायची नाही, हलवायची नाही. कुणीतरी विचारलं, मग करायचं काय तिचं? बुलामा म्हणाला, हाच प्रश्न मीही विचारला, तर त्यांनी मला चहा दिला.

लोक हसले. हुकूम याआधीही आले होते. मोटारसायकली बंद झाल्या तेव्हा लोक गाढवं वापरायला लागले, मासेमारी बंद झाली तेव्हा पहाटे जाळी टाकायला लागले. ग्रेमानं घरी येऊन याकुराला विचारलं, काय करूया? याकुरा म्हणाली, "मिरचीला हुकूम कळतो का? तोडायची." कलतुमाचं लग्न तोडणीनंतर ठरलं होतं, बुलामाच्या मुलाशी, मोदूशी. सोयरीक पक्की म्हणून दोन्ही घरांनी एकमेकांना कोलाचे कडू दाणे दिले होते आणि ते गावात वाटूनही झाले होते.

फौज आली ती सकाळी. आधी आकाशात भुणभुण ऐकू आली. घारीएवढं एक यंत्र गावावर गोल फिरत होतं. मग रस्त्याला धूळ उठली आणि गाड्या आल्या. पुढच्या गाड्यांत आपले सैनिक, मागच्या दोन गाड्यांत नसारा, म्हणजे गोरे. ते गावात शिरलेच नाहीत, गाड्या बाहेर उभ्या करून तिथंच थांबले. त्यांच्यातला एक उंच माणूस तेवढा पाठीवर हात बांधून आत आला आणि सगळा वेळ लेफ्टनंटच्या दोन पावलं मागं उभा राहिला.

लेफ्टनंट तरुण होता. पार पश्चिमेकडचा, मोठ्या नदीच्या काठचा. आमची कनुरी त्याला येत नव्हती आणि बाजारात चालते ती हौसाही नाही. डोळे तापानं लाल झाले होते. त्याच्या हाताखालची काही पोरं मागच्याच महिन्यात या वाटेवर सुरुंगानं उडाली होती, ते नंतर कळलं. त्याच्या बाजूला कोलो उभा होता. अंगात गणवेश, पायांत त्याच्या मापापेक्षा मोठे बूट. गावाकडं न बघता तो लेफ्टनंटच्या तोंडाकडं बघत होता.

लेफ्टनंट एकेक वाक्य फ्रेंचमध्ये बोले आणि कोलो ते आमच्या भाषेत सांगे. ही आपल्या देशाची मोहीम आहे. आपली फौज ती चालवते आहे. पाहुणे फक्त साहाय्याला आहेत. उभी मिरची उपटायची, वाळलेली एका जागी आणायची. सगळी जाळली जाईल. कोलोचा आवाज कोरडा होता, शाळेतला धडा म्हणावा तसा.

बुलामा पुढं झाला. त्यानं हात जोडून समजावलं की हवं तर मिरची जप्त करा, पुरा, नदीत टाका, पण जाळू नका. वारा नदीकडून गावावर वाहतोय, आणि घरांत तान्ही पोरं आहेत. कोलोनं ते सांगितलं. लेफ्टनंटनं मान वळवून उंच गोऱ्याकडं पाहिलं. गोरा काही बोलला नाही. लेफ्टनंट म्हणाला, हुकूम जाळायचा आहे.

मग सगळ्या गावानं आपापल्या शेतात जाऊन आपलीच झाडं उपटली. सैनिक बांधावर बसले होते. ग्रेमा एका रांगेनं निघाला, दोन्ही हातांनी झाड धरायचं, हिसका द्यायचा, माती झटकायची, टाकायचं. माती झटकू नका, असं एक सैनिक हौसा भाषेत ओरडला, वेळ जातो. पण ग्रेमाच्या हातांना तशीच सवय होती. याकुरा त्याच्या मागून झाडांचे भारे बांधत होती. कलतुमा एकदा थांबली आणि एका झाडावरच्या पिकल्या मिरच्या ओच्यात तोडायला लागली. याकुरानं तिच्या हातावर चापट मारली. "आता कशाला?" ती म्हणाली.

वाळलेली मिरची खळ्यांवरून गोळा झाली, पोती रिकामी केली गेली. गावाबाहेर माणसाच्या छातीएवढा लाल ढीग झाला. त्यावर डिझेल ओतलं आणि पेटवलं.

पहिला धूर काळा निघाला, डिझेलचा. मग नाकाघशाला झोंबणारी खाट सुटली. मिरचीची मूठभर बी तव्यावर करपली तरी घर ठसकतं, इथं तर सगळ्या गावाचा हंगाम जळत होता. ढीग दंताळ्यांनी सारखा करायला ग्रेमाला आणि आणखी चौघांना उभं केलं होतं. पहिल्या श्वासालाच त्यांच्या छातीत सुरी फिरल्यासारखं झालं. बायका पोरं उराशी धरून नदीकडं पळाल्या. सैनिक बंदुका टाकून गुडघ्यांवर बसले, ओकले, डोळे चोळायला लागले, आणि चोळले तशी आग वाढली. बाहेर उभ्या गोऱ्यांनी गाड्यांतून रबरी मुखवटे काढून चढवले. उंच गोऱ्यानं आपला मुखवटा लेफ्टनंटपुढं धरला. लेफ्टनंटनं तो घेतला नाही. त्याचे सैनिक बघत होते.

याकुरा पळाली नव्हती. तिच्याजवळ एक सैनिक पालथा पडून खोकत होता. तिनं त्याचं डोकं वळवलं, दुधाचं भांडं आणलं आणि त्याचे डोळे धुतले. तो तिला काहीतरी म्हणाला, त्याच्या भाषेत. तिलाही खोकल्यानं बोलता येत नव्हतं.

धूर ओसरला तेव्हा दुपार कलली होती. लेफ्टनंटचा चेहरा सुजला होता, नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि सगळ्यांसमोर वाहत होतं. याचा राग त्याला कुठंतरी काढायचा होता. त्यानं पुरुषांना कडुलिंबाखाली ओळीनं बसवलं आणि विचारलं, बेटावरच्यांना वाटा कुणी दिला?

त्यानं पुन्हा विचारलं. मग ग्रेमाजवळ आला. ग्रेमाच्या तोंडाला काजळी होती, आवाज बसला होता. तो कोलोकडं बघत म्हणाला, "दिला. बंदूक छातीवर असली की देतात. सगळ्यांनी दिला. साहेबाला सांग."

कोलो लेफ्टनंटशी बोलला. ग्रेमानं सांगितलं त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ बोलला. लेफ्टनंटनं मध्येच काही विचारलं, कोलोनं उत्तर दिलं आणि हात वर केला. तो हात बुलामाकडं वळला होता, की नुसताच हलला होता, यावर गावात नंतर पुष्कळ वाद झाले. पण सैनिक गेले ते बुलामाकडंच. त्यांनी त्याचे हात मागं बांधले, डोक्यावरची टोपी खाली पडली ती कुणी उचलली नाही. मग ओळीतले आणखी बरेच जण उठवले. सगळ्यांना ट्रकमध्ये चढवलं. ग्रेमाच्या अंगाला कुणी हात लावला नाही. ट्रक हलला तेव्हा ओळीत एकटा तोच कर्ता पुरुष बसलेला होता, बाकी म्हातारे आणि मोदूसारखी पोरं.

मोहीम पुढं सरकली. तळ्याच्या बाजूनं दिवसभर धमाके ऐकू यायचे, वरून हेलिकॉप्टरं जायची. रेडिओवर सांगत होते की आपल्या फौजेनं स्वतःच्या बळावर काठ मोकळा केला. पकडलेल्यांना राजधानीकडच्या तुरुंगात नेलं म्हणे. ती वाट इतकी लांबची की आमच्यातलं कुणी कधी तिथवर गेलेलं नव्हतं.

गावानं ग्रेमाशी भांडण काढलं नाही. बोलणं तेवढं बंद झालं. तो मशिदीत गेला की ओळीत त्याच्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी राहायची. याकुरा विहिरीवर गेली की बायका घागरी उचलून निघून जायच्या. कलतुमाच्या घरी एका सकाळी मोदूची आत्या आली, कोलाचे दाणे बांधलेलं फडकं उंबऱ्याशी ठेवलं आणि आत न येताच परतली. वाटलेले दाणे तर लोकांनी केव्हाच खाल्ले होते, मोदूच्या घरच्यांनी बाजारातून नवे आणून परत केले होते. कलतुमानं ते फडकं स्वतः उचललं आणि आत नेलं. त्या दिवशी तिनं एवढी बाजरी कांडली की याकुराला तिच्या हातातून मुसळ काढून घ्यावं लागलं.

"जाऊन विचार त्याला," याकुरा नवऱ्याला म्हणाली. "काय बोलला ते आपल्याला तरी कळू दे."

ग्रेमा ठाण्यावर गेला. पायी, उन्हातून, धुरानं धरलेली छाती सांभाळत. फाटकाशी झडती झाली. त्याला सदरा काढायला लावला, मग विजार सैल करून गोल फिरायला लावलं, कमरेला काही बांधलेलं नाही ना हे बघायला. पलीकडं भिंतीच्या सावलीत दोन गोरे जेवत होते. त्यांनी मान दुसरीकडं वळवली, ते एक बरं झालं.

कोलो बाहेर आला. दोघं वाळूच्या पोत्यांच्या आडोशाला बसले. कोलोनं पाणी दिलं. त्याचा चेहरा उतरला होता, ओठांच्या कडा फुटल्या होत्या. ग्रेमानं घरचं काही सांगितलं नाही, सरळ विचारलं, तू त्या दिवशी काय सांगितलंस?

"याया," कोलो म्हणाला. थोरल्या भावाला तो लहानपणापासून अशीच हाक मारायचा, पण त्या थपडेनंतर ती हाक पहिल्यांदाच आली होती. "तू म्हणालास, दिला. ते मी सांगितलं. मग त्यानं विचारलं, पहिल्यांदा कुणी दिला? जो पहिला देतो तो बेटावरच्यांचा माणूस, असं फौजेनं ठरवलंय. त्या गोऱ्यांनी शिकवलंय त्यांना."

"मग?"

"पहिला तू दिलास."

ग्रेमानं पाण्याचं भांडं खाली ठेवलं.

"मी तिथंच उभा होतो, नाही का? पोती चढवताना तुला बघत होतो," कोलो म्हणाला. "मला एक नाव द्यायचं होतं. तुझं सोडून जे तोंडात आलं ते दिलं. मुखियाचं नाव सांगितलं की खरं वाटतं. बाकीचे त्यांनीच उचलले."

"मला सोडवायला कुणी सांगितलं होतं तुला?"

"आणि मला मारायला तुला कुणी सांगितलं होतं?" कोलोचा आवाज चढला आणि लगेच खाली आला, फाटकावरचा पहारेकरी बघत होता. "माझा जीव वाचवायला मारलंस, असं तूच गावभर सांगत होतास. मग आता फिट्टंफाट झाली."

ग्रेमा उठला आणि म्हणाला, मला लेफ्टनंटकडं ने. कोलो म्हणाला, वेडा झालास का. ग्रेमा स्वतःच चालायला लागला. पहारेकऱ्यानं अडवलं, तेव्हा त्याला तो हौसात म्हणाला की बेटावरच्यांना पहिला वाटा मी दिला, बुलामानं नाही, हे साहेबाला सांगायचंय. पहारेकरी हसला. असं स्वतःहून कोण सांगतं, म्हाताऱ्या, असं म्हणाला, आणि काय ते तुझ्या भावाला सांग, साहेबाला हौसा येत नाही.

हा गोंधळ ऐकून लेफ्टनंटच बाहेर आला. त्याच्याबरोबर तो उंच गोराही. लेफ्टनंटनं ग्रेमाला ओळखलं नाही, कोलोनं कोण ते सांगितल्यावर मान हलवली.

ग्रेमा लेफ्टनंटच्या डोळ्यांत बघून बोलला, सावकाश, जणू सावकाश बोललं की भाषा कळेल. "वाटा पहिला मी दिला. माझ्या हातानं पोती चढवली. बुलामा कचल्लानं माझं बघून दिला. त्याला सोडा. मला न्या." दोन्ही मनगटं जोडून त्यानं पुढं केली.

लेफ्टनंटनं कोलोकडं पाहिलं.

कोलो बोलायला लागला. ग्रेमा त्याच्या तोंडाकडं बघत राहिला. त्यात एक शब्द तरी ओळखीचा येईल म्हणून कान देत राहिला. बुलामाचं नाव आलं. बेटाचं नाव आलं. मग लेफ्टनंटचा चेहरा हळूहळू मोकळा होताना त्याला दिसला. लेफ्टनंटनं ते पुढं गोऱ्याला सांगितलं. गोऱ्यानं प्रथमच तोंड उघडलं, दोन वाक्यं बोलला आणि ग्रेमाची जोडलेली मनगटं आपल्या दोन्ही हातांत धरून हलवली.

"काय म्हणतो?" ग्रेमानं विचारलं.

कोलोनं मान वर केली नाही. "म्हणतो, तुझ्यासारखी चार माणसं प्रत्येक गावात पाहिजेत."

"तू काय सांगितलंस त्याला? कोलो, काय सांगितलंस?"

"घरी जा, याया."

ग्रेमानं पुन्हा तेच सांगायला सुरुवात केली, आता मोठ्यानं, छातीवर हात आपटत, मी, मी. पण त्याला खोकला आला आणि थांबेना. लेफ्टनंटनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. वाईट वाटल्यासारखं तोंड केलं, बहुतेक त्याला खरंच वाईट वाटलं असावं, त्या धुराची खाट त्याच्याही छातीतून अजून गेली नव्हती. त्यानं एका सैनिकाला हाक मारली. सैनिकानं कोठारातून तांदळाची गोणी आणली, परदेशी अक्षरं छापलेली. नको, असं ग्रेमा सगळ्या भाषांत म्हणाला. ते सगळ्यांनी संकोच म्हणून घेतलं. दोघांनी गोणी उचलून त्याच्या डोक्यावर दिली आणि फाटक उघडलं.

वाटेत टाकून द्यावी असं त्याच्या मनात आलं. पण मागं ठाण्याच्या मनोऱ्यावरून पहारेकरी बघत होता, आणि पुढं वाटेवर ठाण्याला लाकडं विकून परतणारी आमच्याच गावची माणसं चालली होती. त्यांनी वळून पाहिलं आणि पाय उचलले. ग्रेमा पोचायच्या आधी गोणी गावात पोचली.

तो घरी गेला नाही. मान ताठ, एक हात गोणीला, असा तो थेट बुलामाच्या अंगणात गेला. बुलामाची बायको फान्ना बाजरी कांडत होती. मोदू दाराशी बसला होता, तो उठून आत गेला.

"वहिनी," ग्रेमा म्हणाला, "पहिला वाटा मी दिला होता. बुलामाच्या जागी मी पाहिजे होतो."

फान्नाचं मुसळ थांबलं नाही. "माहीत आहे," ती म्हणाली. "सगळ्या गावाला माहीत आहे."

"तेच सांगायला मी ठाण्यावर गेलो होतो. म्हटलं, मला धरा, त्याला सोडा."

"मग?"

"मला परत पाठवलं त्यांनी."

फान्नानं मुसळ उखळात टेकवलं आणि पहिल्यांदाच वर पाहिलं. आधी गोणीकडं, मग त्याच्याकडं.

"तांदूळ देऊन," ती म्हणाली.

तिनं मुसळ पुन्हा उचललं. ग्रेमा तिथंच उभा राहिला. एवढं वजन डोक्यावरून उतरवायला समोरून कुणीतरी हात लावावा लागतो, एकट्याला ते जमत नाही. आमच्याकडं तो हात वाटेनं जाणारा परकाही लावतो, कुणाला सांगावं लागत नाही. अंगणाच्या कुंपणापलीकडं माणसं जमली होती. ग्रेमाची मान थरथरायला लागली होती, आणि कुणीच पुढं येत नव्हतं.